साडेचारवर गेलेला काटा

काटा साडेचारवर होता. तीनवर हवा होता. मुलीने पेट्रोलचा दाब दाखवणाऱ्या गेजवर टिचकी मारली. काटा मास्तरांच्याच वळणाचा. एकदा बसला की हलायचा नाही.

मास्तर म्हणजे तिचे बाबा, गॅरेजचे मालक. टॅक्सीवाल्या काकांच्या म्हाताऱ्या गाडीचा इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मूळ पंप बाजारात मिळेनासा झाला, म्हणून गेल्या आठवड्यात मास्तरांनी दुसऱ्या कंपनीचा, दुप्पट जोराचा पंप बसवला होता. आज गाडी परत आली. काळा धूर सोडत, जागोजागी बंद पडत.

सकाळपासून मास्तरांचा संशय फिरत होता. आधी पेट्रोलवर. मग काकांच्या गिअर टाकण्यावर. शेवटी चौकातल्या सिग्नलवर. "फार वेळ लाल असतो तो," मास्तर म्हणाले. पंपावर संशय घ्यायची पद्धत नव्हती. एकतीस वर्षांत मास्तरांची चूक झालेली नाही, असा गॅरेजचा नियमच होता. दोन कारागिरांना ती झाल्यासारखी वाटली होती. दोघेही न उघडलेला जेवणाचा डबा घेऊन घरी गेले.

"राग मानू नका मास्तर," काका म्हणाले, "पण चावी द्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजात दाखवतो."

मुलीने तीन वर्षं नुसते टायर बदलले होते. बॉनेट उघडायला मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. तिने एकदा आपल्या डब्याकडे पाहिलं.

"बाबा, चूक आपली आहे."

"आपली म्हणजे कुणाची?"

"तुमची."

तेवढ्यात कोपऱ्यात घरघरणारा हवेचा कॉम्प्रेसर बंद झाला. तो आपल्या वेळेवरच बंद झाला होता, पण तसं कुणालाच वाटलं नाही.

"रेग्युलेटर जुन्या पंपाच्या मापाचा आहे," ती घाईघाईने म्हणाली. "जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. आता पेट्रोल येतंय दुप्पट आणि याचं भोक तेवढंच. परतीचा पाइप काढून कॅनमध्ये सोडला, तरी काटा उतरला नाही, म्हणजे पाइप तुंबलेला नाही. पाहुणे दुप्पट, दार एक. मग प्रेशर वाढतं आणि इंजिनात नको तेवढं पेट्रोल घुसतं."

मास्तर वाकले. पाइप पाहिला. काटा पाहिला. मुलीकडे इतका वेळ पाहिलं, की काकांनी उगाचच खिशातला रुमाल काढून परत ठेवला. मग मास्तरांनी कपाटातून मोठा रेग्युलेटर आणला आणि तिच्या हातात दिला.

"बसव."

तिने बसवला. स्क्रू फिरवत फिरवत काटा तीनवर आणला. धूर थांबला. इंजिन शहाण्या मुलासारखं चालू लागलं.

मास्तर रस्त्यावर गेले. शेजारच्या रंगाऱ्याला हाक मारली. "ऐकलंस का? माझी चूक निघाली! हिनं काढली!" पंक्चर काढायला आलेल्या अनोळखी माणसालाही थांबवून तेच सांगितलं. त्याने सांत्वन केलं. मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही.

काकांनाही वाईट वाटलं. "जाऊ द्या मास्तर. एकतीस वर्षांत पहिलीच तर चूक."

"छे हो," मास्तर छाती फुगवून म्हणाले, "चुका ढिगानं झाल्या. काढता येणारं माणूस पहिल्यांदा मिळालंय."