हरकतीचा मुद्दा

धरणात होडी उलटून माणसं बुडाली, त्या चौकशीचं पुढं काय झालं, हे आमदार हणमंतराव धुमाळ दर अधिवेशनात विचारायचे आणि 'काम प्रगतिपथावर आहे' एवढं ऐकून खाली बसायचे. आज तोच प्रश्न पहिल्यांदाच निवडून आलेल्या प्रणोती वाघचौरेंनी विचारला, आणि मंत्री चक्क अहवाल हातात घेऊन उभे राहिले.

सभागृहानं बाकं वाजवली. धुमाळांच्या अंगाचा तिळपापड झाला. रान नांगरलं आपण, आणि सुगी या कालच्या पोरीच्या पदरात! उद्या पेपरात फोटोही तिचाच. तेवढ्यात अहवालावरची इंग्रजी अक्षरं त्यांना दिसली. ते ताडकन उठले.

"अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा! मराठी प्रत नसताना हा अहवाल सभागृहासमोर येतोच कसा?"

मंत्र्यांचा चेहरा एकदम खुलला. "ज्येष्ठ सदस्यांची हरकत रास्त आहे. मी त्यांचा आभारी आहे. भाषांतर करून पुढच्या अधिवेशनात ठेवू." अहवाल पुन्हा बॅगेत गेला. प्रणोती मटकन खाली बसली, तेव्हा धुमाळांना कुठं गार वाटलं.

बाहेर जिन्यापाशी गोजराबाई थांबली होती. तिचा लेक त्या होडीत होता, आणि गॅलरीचा पास तिला दर वेळी धुमाळच काढून देत. त्यांना बघताच तिनं हात जोडले.

"दादा, त्या नव्या बाईंना काय जमलं नाही बघा. तुम्ही उठलात आन् मंत्र्यानं तुमचे आभारच मानले. झालं न्हवं आपलं काम?"