कपाटातलं बटण

तुमची गल्ली शोधता शोधता नाकी नऊ आले, असं म्हणत घरांचा दलाल खुर्चीच्या काठावर टेकला. जाता जाता पडकं कुंपण दिसलं, म्हटलं घर विकायचंय का विचारून बघावं, असंही म्हणाला. गल्ली शोधत आलेल्याला कुंपण जाता जाता कसं दिसलं, हे म्हातारीच्या मनात आलं. पण तिने चहा पुढे केला.

म्हातारा खूश होता. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही त्याला अंधुकच दिसे, आणि हल्ली घरी येणारं तरी कोण होतं? दलालाने गळकं छप्पर, अंगणात माजलेलं रान, दोघांचं वय, सगळं गोड आवाजात बोलून दाखवलं. छोट्या फ्लॅटमध्ये सुखात राहाल म्हणाला. तिला सारखा आई म्हणत होता.

"आई म्हणणारा एक आहे मला," ती म्हणाली. "तेवढा पुरे."

मागची खोली तेवढी बघतो, म्हणत तो उठला. म्हातारा काठी चाचपत राहिला. ती दलालाच्या मागोमाग गेली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. सुताराने कपाट नेमकं दिव्याच्या बटणावरच ठोकलं होतं. मग कपाटाच्या पाठीला भोक पाडून बटण आत घ्यावं लागलं. नवखा माणूस अंधारात भिंती चाचपत राही आणि घरातले हसत.

दलालाने बोलता बोलता कपाट उघडलं, आत हात घातला. दिवा लागला.

त्याचं बोलणं थांबलं नाही. तिचं ऐकणं थांबलं. ऑपरेशनच्या वेळी दोघं दवाखान्यात होती, तेव्हा किल्ली लेकाकडे होती. लेक याच गावात राहतो. तेव्हापासून त्याला इकडे फिरकायला सवड झाली नव्हती.

"माझा लेक बरा आहे ना?" तिने हळूच विचारलं.

दलालाने उघड्या कपाटाकडे पाहिलं. "कोण लेक, आई?"

"त्याला म्हणावं, आम्ही घरात असताना ये. किल्लीसुद्धा लागत नाही."

काठीचा आवाज जवळ येत होता. "काय गं, सापडलं का बटण त्यांना?" म्हाताऱ्याच्या आवाजात हसू आधीच तयार होतं.

तिने कपाटात हात घालून दिवा मालवला.

"नाही हो," ती म्हणाली. "नवखे आहेत ते. त्यांना कुठून सापडणार?"