तिकडची भाषा

“दोन पलंग कशाला?” मुलीने विचारलं.

अप्पांनी तिच्या हातातून नव्या घराचा फोटो काढून घेतला. “एक माझा, एक पाहुण्यांचा.”

“कोण पाहुणे? तिकडे तुम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही.”

“ओळख काय, होते.”

खोलीभर खोकी पसरली होती. ज्या देशात बत्तीस वर्षं काढली, ज्याचं नागरिकत्व हात वर करून शपथ घेऊन मिळवलं, तो देश सोडून अप्पा महिनाअखेर तिसऱ्याच, अनोळखी देशात राहायला जाणार होते. इथल्या पेन्शनीत इथलं भाडं भागत नाही, तिकडे तेवढ्यात माणूस ऐटीत राहतो, असं ते विचारील त्याला सांगत. न विचारणाऱ्यालाही सांगत. मुलीला खटकत होतं ते हेच. अप्पांनी जन्मात कुणाला कशाचं कारण दिलं नव्हतं.

“माझ्याकडे या म्हटलं तर येत नाही.”

“तुझ्याकडे आलो तर तू मला रोज सुधारणार. या वयात नाही झेपायचं.”

अप्पा शिंपी. जन्मभर लोकांचे कपडे उसवून मापात बसवले. आज पलंगावर त्यांच्याच पाच पँटी पडल्या होत्या. पाचही कमरेत आत घेतलेल्या, शिवण ताजी.

“एवढे बारीक झालात?”

“नव्या देशात ढगळ जाऊन कसं चालेल?” असं म्हणून ते हसले. आई गेल्यापासून तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज होता. अप्पा खिडकीशी गेले आणि पाठ फिरवून तिकडच्या भाषेत बोलू लागले. अडखळत होते, पण थांबत नव्हते. मध्येच खुदकन हसलेही.

मुलगी बघत राहिली. इथली भाषा त्यांना बत्तीस वर्षांत चार वाक्यांपुढे आली नव्हती. नागरिकत्वाची परीक्षा उत्तरं पाठ करून पास केली होती. बँकेत, शाळेत, घरमालकापुढे, सगळीकडे तिला पुढे करत. आठव्या वर्षापासून ती त्यांची जीभ होती. पुढे तोच तिचा पेशा झाला. शहरातल्या सरकारी इस्पितळात त्यांच्या भाषेची ती एकुलती एक दुभाषी होती.

“कोण होती?”

“घराचंच काहीतरी.”

“घराच्या कामात हसू येतं?”

“ठमे, तू दुभाषी आहेस की फौजदार?”

मार्चमध्ये घर बघायला म्हणून आठ दिवसांसाठी गेलेले अप्पा तीन आठवड्यांनी परतले होते. तेव्हाही त्यांनी असाच विनोद करून वेळ मारून नेली होती.

ते दोरी आणायला खाली उतरले, तशी तिने शिलाई मशीनचा खण उघडला. बॉबिनांच्या डब्याखाली वही होती. अक्षर अप्पांचं, लिपी आपली, शब्द मात्र तिकडचे. जसे कानावर पडले तसे उतरवलेले. अर्थ कुठेच लिहिला नव्हता. लपवायचं असेल तरच माणूस असं लिहितो, तिला वाटलं. तिने मोबाइलवर शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि जिन्यात पावलं वाजायच्या आत खण लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने इस्पितळाच्या कँटीनमध्ये आपल्या सहकाऱ्याला गाठलं. तो तिकडच्या भाषेचा दुभाषी. गलेलठ्ठ आणि मिस्कील.

“तू वाच, मी सांगतो,” तो म्हणाला. “पण कामाच्या नियमाने. मला नंतर बोल लावायचा नाही.”

नियम तिलाही पाठ होता. पदरचं काही घालायचं नाही आणि नेहमी ‘मी’ म्हणायचं. डॉक्टर बोलला तर डॉक्टरचा ‘मी’, रोगी बोलला तर रोग्याचा. तीन वर्षांपूर्वी याच इमारतीत तिने आईला सांगितलं होतं, “आता माझ्या हातात काही उरलेलं नाही.” वाक्य डॉक्टरांचं होतं. अप्पा शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी या इमारतीची पायरी चढली नव्हती.

ती वाचू लागली.

“‘मला तळमजल्यावरचं घर हवं आहे,’” त्याने अर्थ सांगितला.

पुढची ओळ.

“‘माझी बायको गेली. तीन वर्षं झाली.’”

पुढची.

“‘तुम्ही रात्री थांबाल का?’” त्याने भुवया उडवल्या. “अप्पा भलतेच हुशार विद्यार्थी दिसतात.”

“पुढचं सांग.”

“‘माझ्या मुलीला एवढ्यात कळवू नका. वेळ आली की मीच लिहीन.’”

तिने समोरचा डबा बंद केला. म्हणजे फोनवरच्या बाईबद्दलचा तिचा संशय खरा होता. दुसऱ्या पलंगावर कोण निजणार हेही कळलं. संध्याकाळी जाऊन काय म्हणायचं, ते तिने तिथेच ठरवून टाकलं. तिकीट रद्द करा, नाहीतर आजपासून मला मुलगी म्हणू नका.

“आणखी आहे ना खाली?” त्याने फोटोवर बोट ठेवलं.

“राहू दे. कळलं मला.”

“वाच गं. अर्धवट काम मी करत नाही.”

शेवटचा मजकूर लांब होता. पेन्सिलीने पुन्हा पुन्हा गिरवलेला. तिने तो अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचला. दोनदा अडखळली. त्याने उच्चार सुधारले नाहीत.

“सांग ना,” ती म्हणाली.

त्याने चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता, नियमाप्रमाणे, पदरचं काहीही न घालता सांगितलं:

“‘डॉक्टर, किती दिवस उरलेत ते मला तोंडावर सांगा. त्यासाठीच मी तुमची भाषा शिकलो. मागच्या वेळी ते माझ्या मुलीला सांगावं लागलं होतं.’”