हेमांगीला भाग जातो

भावाच्या जुळ्या मुलींच्या बारशासाठी आकडे आणणं हे आत्याचं काम, म्हणून हेमांगी सकाळीच नामकरण केंद्रात गेली. हाक मारायला घरची नावं होतीच. पण सरकारदरबारी हल्ली प्रत्येकाचं नाव म्हणजे एक भलीमोठी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही, त्यामुळे कुणाच्या नावात दुसऱ्या कुणाचं नाव लपून बसत नाही.

खिडकीतल्या कारखानीसबाईंनी ओळख पटवायला आधी हेमांगीचाच आकडा नव्या यंत्रात घातला आणि त्या थबकल्या.

“अगं, तुला भाग जातोय! जुन्या यंत्रानं ‘बहुधा मूळ’ म्हटलं आणि तेवढ्यावर शिक्का मारून मोकळे झाले. हे नाव आता रद्द होणार बघ.”

जन्मापासूनचं नाव! हेमांगीला विचारल्यावाचून राहवेना. “पण भाग जातोय कशानं?”

“दोन संख्यांनी. त्या मात्र दोन्ही अस्सल मूळ आहेत.”

“मग ती कुणाची नावं आहेत?”

बाईंनी पडद्यावर शोधलं. “अजून कुणाचीच नाहीत.”

संध्याकाळी पाळण्यावर वाकून हेमांगीनं एकेकीच्या कानात कुर्र केलं आणि एकेक लांबलचक आकडा सावकाश म्हटला.

“ताई, काय ठेवलंस गं नाव?” भावानं विचारलं.

“माझंच,” ती म्हणाली. “दोघींचा गुणाकार करून बघ.”