दोन्ही कागदांवरची खूण

साइटवर माती किती खणावी लागेल, याचा अंदाज काढायचं हेरंबचं काम. जमिनीचा कागदी नकाशा रेघ न् रेघ गिरवून कॉम्प्युटरवर घ्यायचा, मग त्यावर नव्या बांधकामाचा नकाशा बसवायचा. दोन्हींवर असलेल्या खुणा जुळल्या की झालं.

त्या दिवशी शिकागोच्या ऑफिसात आलेला नकाशा नेमका न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचा निघाला, त्यांच्या जुन्या अपार्टमेंटमागच्या मैदानाचा. बारशाआधीच गेलेल्या लेकीसाठी त्याने आणि त्याच्या बायकोने, आश्लेषाने, तिथे एक मेपल लावला होता. जुन्या नकाशावर झाडाचा तो इवलासा गोल दिसला, आणि इतकी वर्षं हे काम करूनही त्याने जुळणीला तोच धरला. नवा नकाशा काही केल्या बसेना. नव्या नकाशात त्या जागी झाड नव्हतंच. पावसाचं पाणी साठवायला मोठं तळं खणायचं होतं.

संध्याकाळी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडता निवडता आश्लेषा म्हणाली, "न्यू जर्सीत यंदा फार कडक उन्हाळा आहे म्हणे. आपल्या झाडाला कोणी पाणी घालत असेल का रे?"

हेरंबने एक जुडी आपल्याकडे ओढली.

 

"नको काळजी करूस. आता तिथे पाणी कधी कमी पडायचं नाही."