इस्त्रीचा डाग

"डाग पुसायचा नसते, पोट्टी," फोटोवाल्या धर्मपालकाकांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं. "चांगली चामडी उचलायची अन् डागावर बसवायची. जिथून उचलली, तिथलं काही जात नाही."

गोल बाजारातल्या त्यांच्या स्टुडिओत मी महिनाभर कॉम्प्युटरवर हेच शिकत होते. एका दुपारी माझे भाऊजी आले. वारलेल्या ताईच्या पुण्यानुमोदनात ठेवायला तिचा फोटो त्यांनी आणला होता.

"गालावरचा डाग काढून टाक. लोकं विचारतात."

डाग इस्त्रीचा होता. इस्त्री कोणाच्या हातात होती, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी स्वतःचाही एक फोटो काढून घेतला. नव्या स्थळाकडे पाठवायचा होता.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. चामडी भाऊजींच्या गालावरून उचलली. ताईचा गाल साफ झाला. भाऊजींचा फोटो होता तसाच राहिला.

काउंटरपाशी बसलेल्या भाऊजींनी गाल दाबून धरला. "इथं जळून काहून राहिलं?"

त्यांनी हात काढला. गालावर इस्त्रीचं टोक उमटलं होतं.

ताईच्या मानेवरच्या डागांचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी फोटो आणखी मोठा केला.