चार दहाचा फोन

“मला तुमचं सांत्वन नको. त्या दिवशी फोन का केला नाहीत, तेवढं सांगा!”

तिने टेबलावर असा हात आपटला, की साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. हवामान कचेरीतली बाकीची माणसं संगणकात डोकी खुपसून बसली. वादळांचे अंदाज सांगणारी ही मंडळी, पण हे वादळ जिना चढून येईल याचा अंदाज एकालाही आला नव्हता.

बंदरावर तिला सगळे ‘वायरलेस’ म्हणायचे. घरामागच्या खोपटात तिचा सेट होता. समुद्रावर गेलेल्या अकरा बोटींना काय सांगायचं ते तीच सांगायची. पद्धत साधी होती. वादळाचं चिन्ह दिसलं की कचेरीने तिच्या घरी फोन करायचा आणि तिने सेटवरून बोटींना माघारी बोलवायचं. गेल्या शुक्रवारी बोलावणंच गेलं नाही. दहा बोटी मोडून-तुटून परत आल्या. अकरावी तिच्या नवऱ्याची होती. काल शोधही थांबवला.

“बसा ना, ताई,” साहेब म्हणाले. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस.

“बसायला नाही आले मी! साडेतीनपासून हेडफोन लावून सेटपुढे बसले होते. जागची हलले नाही. घरातून कुणी हाक मारली नाही, काही नाही. वारा सुटला तेव्हा कळलं मला!”

भिंतीवर अख्ख्या महासागराचा नकाशा होता, त्याच्यावर तीन लाल टाचण्या. साहेबांनी तिकडे बोट केलं. “त्या दिवशी एकाच वेळी वादळाची तीन चिन्हं होती. पश्चिमेकडचं विरलं. मधलं उत्तरेला वळलं. हे तिसरं सकाळपर्यंत नुसता कमी दाबाचा पट्टा होतं, वादळ व्हायची शक्यता वीस टक्के. दुपारी चारला एकदम ऐंशीवर गेलं.”

“टक्के मला नका शिकवू! या मोसमात सहा इशारे दिलेत. सहाच्या सहा फुसके! सहा वेळा बोटी रिकाम्या परत बोलावल्या आणि बंदरभर शिव्या खाल्ल्या मी. आणि खरं आलं तेव्हा तुमची दातखीळ बसली?”

साहेबांचा चेहरा ताठ झाला. “दुःख कळतं मला. पण फोन गेला नाही, असं होणार नाही. किती वाजता केला, कोणी उचलला, काय म्हणाले, सगळं लिहिलेलं असतं आमच्याकडे. थांबा, दाखवतोच.”

ते कपाटाकडे वळले. ती धुसफुसत उभी राहिली.

दाराशी बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी ती बसमध्ये चढली, तर मागच्या सीटवर म्हातारी आधीच हजर. तीन आठवडे दोघींचा अबोला होता. कारण काय, तर पाण्याच्या टाकीचं झाकण कोणी उघडं टाकलं! नवरा होता तोवर निरोप त्याच्यामार्फत जायचे, आता शेजारणीमार्फत जात होते. घरातलं माणूस गेलं, तरी दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडल्या. त्या शुक्रवारीसुद्धा म्हातारी टाकीचं उकरून काढायला खोपटाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, एकदा नाही, दोनदा. हिने पाठ फिरवून सेटचा आवाज वाढवला होता. आठवलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

साहेबांनी नोंदवही टेबलावर उघडली आणि ओळींवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

“साहेब,” सासूबाईंचा चिरका आवाज आला, “घोटभर पाणी मिळेल का?”

साहेबांचं बोट थांबलं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पुन्हा म्हातारीकडे. पाणी स्वतः उठून नेऊन दिलं. परत येऊन वही मिटली.

“फोन गेला नव्हता,” ते म्हणाले. “माझी ड्यूटी होती. माझ्याकडून राहिला.”

“साहेब, अहो पण...” कोपऱ्यातला एकजण उठला.

“तू बस खाली.”

मग मात्र तिचा बांध फुटला. “राहिला? दूध आणायचं राहिलं असं सांगताय? माझा माणूस गेला हो! मेल्या, तुझं कधी भलं होणार नाही!” अहोजाहो बोलता बोलता सुटलं होतं. “लिहून दे मला. सहीशिक्क्यानिशी. नोकरी घालवते की नाही बघ तुझी!”

साहेबांनी कागद ओढला. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी करायचा फोन आपण केला नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. एकदाही खाडाखोड केली नाही, याचाच तिला जास्त संताप आला.

जिना उतरताना तिने तो कागद छातीशी धरला होता. “आता याला सोडत नाही. पेन्शनसुद्धा मिळू देणार नाही,” ती भिंतीला सांगावं तशी बोलत होती.

मागून कठड्याचा आधार घेत सासूबाई उतरत होत्या. मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

“अगं, ऐक.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ती चमकून वळली.

“तो कागद फाड,” सासूबाई म्हणाल्या. “फोन आला होता. मीच उचलला. सातवाही फुसकाच असेल असं वाटलं, तरी सांगायला आले होते. दोनदा उभी राहिले तुझ्या दारात. तू हेडफोन काढलेच नाहीस.”